पतीची नादारी आणि पत्नीची स्वतंत्र मालमत्ता

महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरी हे कुटुंबाचे वर्ष ठरविणारे पीक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागण होते आणि बाजाराचा पैसा हातात येऊ लागतो तो डिसेंबरच्या आसपास. त्याआधी रोपे, गादीवाफे, मल्चिंग पेपर, ठिबक, खते-औषधे आणि पुढे पॅकिंग असा सगळा खर्च उभा करावा लागतो. एकरी वीस-पंचवीस हजार रोपे लागतात. परतीचा पाऊस लांबला किंवा ऐन तोडणीत अवकाळी आला, तर फळ कुजते. कर्ज मात्र उभेच राहते. खाली वाई खोऱ्यात हळद आणि ऊस, सांगलीकडे द्राक्ष आणि बेदाणा, असे पीक बदलते, पण भांडवल आणि जोखीम यांचे नाते तेच असते.

कर्ज थकले म्हणजे घरात एक प्रश्न हमखास निघतो. कर्ज धन्याच्या नावावर आहे. मग कारभारणीचे दागिने, तिला माहेरहून मिळालेली जमीन, तिच्या खात्यावरील दुधाचे पैसे हेही त्यात जाणार का? या प्रश्नावर दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते, "नवरा-बायकोचे एकच, सगळे जाते." काहींच्या मते, "बायकोच्या नावावर केले की काही जात नाही." ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे कुटुंबांचे नुकसान होते. पहिल्या समजुतीमुळे बाई आपला हक्क सांगायलाच जात नाही. दुसऱ्या समजुतीमुळे घाईने केलेली कागदपत्रे न्यायालयात टिकत नाहीत. म्हणून हा विषय येथे क्रमाने समजावून घेऊ.

नादारी म्हणजे काय?

ज्याला आपण बोलताना 'दिवाळे निघणे' म्हणतो त्याला कायद्याच्या भाषेत नादारी म्हणतात. मुंबईसारख्या पूर्वीच्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा स्वतंत्र कायदा आहे. सातारा, सांगली आणि इतर जिल्ह्यांना प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० लागू आहे. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, परंतु व्यक्तींविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आणला गेला. सामान्य शेतकऱ्याच्या बाबतीत १९२० चाच कायदा पाहावा लागतो. त्याचे काम मुख्यतः जिल्हा न्यायालयात चालते.

देणी ५०० रुपयांची असली आणि ती फेडता येत नसली, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. विशिष्ट परिस्थितीत सावकार किंवा बँकही करू शकते. न्यायालयाने नादार ठरविले की त्या माणसाची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. रिसीव्हर ती विकून येणारा पैसा सर्व धनकोंमध्ये कायद्याप्रमाणे वाटतो. पुढे न्यायालयाने मुक्तता दिली की बहुतेक जुन्या देण्यांतून माणूस सुटतो.

आपल्या भागाला हा विषय नवा नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात शेतकऱ्यांच्या नादारीचीही तरतूद होती. आज प्रत्यक्ष नादारीचा अर्ज करणारे शेतकरी थोडे आहेत. बहुतेकांना सोसायटीची किंवा बँकेची वसुली आणि जप्ती यांनाच तोंड द्यावे लागते. परंतु पत्नीच्या मालमत्तेविषयीचे मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

मूळ नियम

रिसीव्हरकडे जाते ती नादार व्यक्तीची मालमत्ता. पत्नी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. लग्न झाले एवढ्यानेच पतीचे कर्ज तिचे कर्ज होत नाही आणि तिची मालमत्ता पतीची होत नाही. पती नादार ठरला तरी पत्नीच्या खऱ्या मालकीची वस्तू रिसीव्हरला विकता येत नाही.

सर्व ठिकाणी असे नसते. आपल्याकडे लावली गेलेली कामारोसा ही जात ज्या कॅलिफोर्नियातून आली, तेथे लग्नानंतर पती-पत्नींनी कमावलेले साधारणपणे दोघांचे सामाईक मानतात आणि एकाचे दिवाळे निघाले तर ते सामाईक धन त्यात ओढले जाते. आपल्या शेजारच्या गोव्यातही पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. महाराष्ट्रात तसे नाही. येथे ज्याचे त्याचे वेगळे. हा आपल्या भगिनींच्या दृष्टीने फायदा आहे, पण त्याची दुसरी बाजूही आहे : जे पतीच्या नावावर आहे त्यात पत्नीचा आपोआप निम्मा वाटा नसतो, मग तिने त्या शेतात जन्मभर राबलेले का असेना.

पत्नीची स्वतंत्र मालमत्ता कोणती?

१) स्त्रीधन : लग्नाच्या आधी, लग्नात व नंतर तिला मिळालेले दागिने, भांडी, रोकड व भेटी. ही मालमत्ता पूर्णपणे तिचीच असते, ती पतीच्या ताब्यात असली तरी तो केवळ विश्वस्त असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले. एप्रिल २०२४ मधील निकालातही न्यायालयाने हेच सांगितले : स्त्रीधन हे पती-पत्नींची संयुक्त मालमत्ता होत नाही, अडचणीच्या वेळी पतीने ते वापरले तर ते परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर असते.

२) तिची जमीन व घर : हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीला वारसाने, वाटणीत, बक्षीस म्हणून, पोटगीपोटी किंवा स्वतःच्या कष्टाने मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते. मात्र बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रातच मर्यादित हक्क लिहिलेला असेल तर तेवढाच हक्क मिळतो. महाराष्ट्रात १९९४ च्या सुधारणेने आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा मिळाला. म्हणजे माहेरच्या सातबारावरील तिचा हिस्सा हा तिचा आहे. सासरच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही.

३) तिची कमाई : मजुरी, बचत गटातील बचत, तिच्या नावे दूध संघात घातलेल्या दुधाचे पैसे, शिवणकाम, पगार.

मुस्लिम भगिनींची मेहेर व इतर मालमत्ता त्यांच्या स्वतःच्या मालकीची असते. ख्रिस्ती व पारशी भगिनींच्या कमाईला विवाहित स्त्रियांचा मालमत्ता अधिनियम, १८७४ चे कलम ४ संरक्षण देते.

संरक्षण कोठे सुटते?

नियम साधा असला तरी चार ठिकाणी कुटुंबे अडचणीत येतात.

पहिले ठिकाण – उशिरा केलेले बक्षीसपत्र. नोटिसा येऊ लागल्या की पती आपली जमीन घाईने पत्नीच्या नावे करतो. १९२० च्या कायद्याचे कलम ५३ नेमके यासाठीच आहे. योग्य मोबदला न घेता केलेल्या हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झाला आणि त्या अर्जावर तो माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरच्या मागणीवरून न्यायालय ते हस्तांतरण रद्द करू शकते. दोन वर्षे उलटली म्हणून सर्व काही पक्के झाले असेही नाही. धनकोंना बुडविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे वेगळ्या दाव्यात रद्द होऊ शकते. शिवाय असे हस्तांतरण हीच १९२० च्या कायद्याप्रमाणे 'नादारीची कृती' ठरते. म्हणजे धनकोला अर्ज करायला आपणच कारण देतो. मालमत्ता कपटाने लपविली तर एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे.

सोसायटीचे पीककर्ज असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कर्ज घेताना आपण जो इकरार करून देतो, त्याचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांत चढतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे त्या जमिनीवर संस्थेचा बोजा असतो आणि कर्ज फिटेपर्यंत ती परस्पर हस्तांतरित करता येत नाही. केवळ नाव बदलून बोजा जात नाही.

दुसरे ठिकाण – नाव पत्नीचे, पैसा पतीचा. पतीच्या पैशातून पत्नीच्या नावे खरेदी करणे बेकायदेशीर नाही. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात ज्ञात उत्पन्नातून पती किंवा पत्नीच्या नावे केलेल्या खरेदीला सूट आहे. परंतु खरा मालक कोण, हा वाद निघाला तर न्यायालय केवळ नाव पाहत नाही. पैसा कोठून आला, ताबा व उत्पन्न कोणाकडे आहे, मूळ दस्त कोण सांभाळतो, नाव घालण्याचा हेतू काय होता, दोघांचे नाते व नंतरचे वागणे काय, हे सर्व तपासले जाते. सातबारावरील नोंद ही महसुलाची नोंद आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

तिसरे ठिकाण – धंद्यातील सरमिसळ. कलम २८ मध्ये एक तरतूद आहे जी फारशा लोकांना ठाऊक नसते. पतीच्या व्यापारधंद्यात पत्नीच्या मालकीचा माल तिच्या संमतीने अशा रीतीने वापरला जात असेल की बाहेरच्या माणसाला तो पतीचाच वाटावा, तर तो माल नादाराचा धरला जातो. ही तरतूद जमिनीला लागू नाही. ती मालाला, म्हणजे जंगम वस्तूंना आहे. आपल्या भागात शेतीबरोबर रोपवाटिका, फळांची आडत, वाहतूक, जॅम-सरबताचा लहान उद्योग चालतो. वाहनाच्या नोंदणीपुस्तकावर पत्नीचे नाव असते, तेव्हा तिची बाजू बरीच बळकट राहते. पण क्रेट, वजनकाटा, पॅकिंगचे यंत्र यांवर कोणाचेच नाव नसते. ती तिने स्वतःच्या पैशातून घेतली असतील तर तिच्या नावाची पावती आणि धंद्याला वापरायला दिल्याचा लेखी करार जपून ठेवावा. त्याहून चांगले म्हणजे तिचा धंदा तिच्याच नावाच्या परवान्यावर व खात्यावर चालवावा.

चौथे ठिकाण – तिची सही. हे सर्वांत महत्त्वाचे आहे. पत्नी जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही करते तेव्हा ते कर्ज तिचे स्वतःचे होते. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतीला नादारीतून मुक्तता मिळाली तरी कलम ४४ प्रमाणे जामीनदार व सहकर्जदार सुटत नाहीत. म्हणजे पती मोकळा आणि पत्नी अडकलेली, असेही घडू शकते. तिने संमतीने बँकेत तारण ठेवलेले सोनेही कर्ज फिटेपर्यंत तारणच राहते. "एक सही कर, नुसती पद्धत आहे" असे म्हणून बाईपुढे कागद ठेवू नये आणि तिने तो वाचल्याशिवाय सही करू नये.

जे पतीचे असले तरी जात नाही

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे काही वस्तू जप्त होत नाहीत आणि नादारीतही त्या रिसीव्हरकडे जात नाहीत. कर्जदार, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे मंगळसूत्रासारखे दागिने. शेतकऱ्याची शेतीची अवजारे, उपजीविकेला लागणारी जनावरे व बियाणे. आणि शेतकरी स्वतः राहतो ते घर. येथे शेतकरी म्हणजे स्वतः जमीन कसणारा व मुख्यतः त्यावरच जगणारा. पाचगणीत घराच्या काही खोल्या पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. त्या खोल्यांना हे संरक्षण मिळेलच असे धरून चालू नये. जे गहाण दिले आहे त्यावरील बँकेचा हक्कही या सवलतीने जात नाही.

आयुर्विम्याविषयी एक चांगली सोय आहे. १८७४ च्या वर उल्लेखिलेल्या अधिनियमाचे कलम ६ हिंदूंनाही लागू आहे. पतीने स्वतःच्या आयुष्यावरील पॉलिसी या कलमाखाली पत्नी व मुलांच्या हितासाठी म्हणून काढली, तर ती त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते व पतीच्या धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. मात्र हप्ते धनकोंना फसविण्यासाठी भरलेले नसावेत. याची नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. नुसते वारस म्हणून नाव लावणे म्हणजे ही नोंद नव्हे.

शेतकरी कंपनीच्या संचालकांसाठी

शेतकरी उत्पादक कंपनीच्या कर्जाला संचालक म्हणून वैयक्तिक हमी दिली असेल, तर २०१६ ची संहिता लागू होते व प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे जाऊ शकते. तेथेही दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता नादाराच्या मालमत्तेत येत नाही. परंतु दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत पत्नीला कमी किमतीत दिलेली मालमत्ता तेथेही परत मागता येते.

एक उदाहरण

समजा, पाचगणीजवळच्या एका शेतकऱ्याविरुद्ध नोव्हेंबरमध्ये नादारीचा अर्ज झाला आणि तो नादार ठरला. घरातील मालमत्तेचे काय होईल ते पाहू.

• पतीच्या नावची ३० गुंठे जमीन, सोसायटीचा बोजा असलेली : रिसीव्हरकडे जाईल, सोसायटीचा बोजा कायम.
• पत्नीला वडिलांनी नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिलेली वाईजवळची २० गुंठे : तिचीच.
• लग्नातील ८ तोळे सोने : स्त्रीधन, तिचेच. मंगळसूत्रावर तर कोणाचाच हात पडत नाही.
• त्याच वर्षी मार्चमध्ये पतीने तिला बक्षीस दिलेली १० गुंठे : दोन वर्षांच्या आत आहे, रद्द होऊ शकते.
• तिच्या नावावरील म्हैस व दुधाचे खाते : पुस्तके व्यवस्थित असतील तर तिचेच.
• तिच्या नावावरील पिकअप, हप्ते पतीच्या खात्यातून : वादाचा विषय; पुरावा पाहून ठरेल.
• बँकेच्या ठिबक कर्जाला तिची जामीनकी : बँक तिच्या २० गुंठ्यांपर्यंतही पोहोचू शकते.

शेवटची ओळ पुन्हा वाचावी. वडिलांनी दिलेली जमीन पतीच्या नादारीतून वाचली होती. ती धोक्यात आली एका सहीमुळे.

काय करावे?

१) बरे वर्ष असताना वाटणी करावी. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालविली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. कष्टाचा वाटा म्हणून, देणी फिटत असताना, नोंदणीकृत दस्ताने दिलेला हिस्सा मानानेही टिकतो आणि कायद्यातही टिकण्याची शक्यता जास्त असते. तोच कागद जप्तीच्या आदल्या महिन्यात केला तर लपवाछपवी ठरते.

२) स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदणीकृतच हवे. तलाठ्याकडील फेरफार त्यानंतरची पायरी आहे.

३) पत्नीचे बँक खाते वेगळे ठेवावे, दूध, मजुरी व बचत गटाचे पैसे त्यातच जमा करावेत.

४) दागिन्यांच्या पावत्या, लग्नातील याद्या व फोटो जपावेत. दागिने मोडून शेतीत घातले तर रक्कम व तारीख लिहून पतीची सही घ्यावी.

५) जप्ती तिच्या मालमत्तेवर आली तर गप्प बसू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ प्रमाणे तिने त्याच न्यायालयात हरकत घ्यावी. लिलाव होऊन गेल्यावर ही हरकत ऐकली जात नाही. नादारीत रिसीव्हरच्या कृतीविरुद्ध २१ दिवसांच्या आत न्यायालयात अर्ज करावा लागतो.

६) वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

सारांश

पत्नीची स्वतंत्र मालमत्ता पतीच्या नादारीत जात नाही. मात्र हे संरक्षण सातबारावरील नावावर नव्हे, तर ती वस्तू खरोखर तिची असण्यावर आणि तसा पुरावा असण्यावर उभे आहे. उशिरा केलेले बक्षीसपत्र, पतीच्या पैशाने घातलेले नाव, धंद्यातील सरमिसळ आणि न वाचता केलेली सही या चार गोष्टी ते संरक्षण पोखरतात. यंदाच्या लागणीसाठी कर्जाचे कागद हाती येतील तेव्हा दोघांनी एकत्र बसून ते वाचावेत आणि पत्नीचे नाव कोठे, कशासाठी लिहिले आहे हे आधी पाहावे. आपल्या प्रकरणातील बारकावे वेगळे असू शकतात, म्हणून कोणताही दस्त करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.